तुमचं आडनाव खरंच दुर्मीळ आहे का? मित्रांमधली पैज मोबाइलवरून अशी सोडवा

कॉलेजचा व्हॉट्सॲप ग्रुप असो किंवा ऑफिसचा, हा वाद कधी ना कधी होतोच. एकजण म्हणतो, "अख्ख्या डोंबिवलीत माझं आडनाव आमच्या घराशिवाय कुणाचंच नाही." दुसरा म्हणतो, "माझं तर पूर्ण ठाणे जिल्ह्यात सापडणार नाही." मग पैज लागते, हरेल त्याने मामलेदारची मिसळ खिलवायची. पुढच्या पाच मिनिटांत स्क्रीनशॉट यायला लागतात. एकाकडे गुगलचा आकडा असतो, दुसऱ्याकडे कुठल्या तरी परदेशी साइटचा, तिसऱ्याने एआयला विचारलेलं असतं. तिन्ही आकडे वेगळे, त्यामुळे मिसळ तशीच राहते.

ही पैज सोडवता येते, पण त्यासाठी कोणतं साधन नेमकं काय मोजतं ते आधी कळायला हवं. या लेखात आपण ते एकेक करून पाहू. शेवटी एक गोष्ट खास पैज जिंकणाऱ्यासाठी आहे, ती वगळू नका.

आडनावांची सरकारी यादी असते का?

भारतात नाही. जनगणनेला येणारे कर्मचारी घरातल्या माणसांची नावं लिहून घेतात, पण १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार ती वैयक्तिक माहिती गोपनीय राहते. बाहेर येतात ते फक्त एकत्रित आकडे. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिका हद्दीत सुमारे १८ लाख आणि कल्याण-डोंबिवलीत सुमारे १२ लाख लोक होते, एवढं आपल्याला कळतं. त्यातले म्हात्रे किती आणि जोशी किती, हे कुठेही छापलेलं नाही.

अमेरिकेत मात्र अशी यादी आहे. तिथल्या जनगणना विभागाने २०१० च्या जनगणनेवरून १०० किंवा जास्त लोकांचं असलेलं प्रत्येक आडनाव प्रसिद्ध केलं. अशी १,६२,२५३ आडनावं निघाली. पहिला नंबर स्मिथचा, २४,४२,९७७ लोक. आपल्या ओळखीचं पटेल तिथे २,२९,९७३ लोकांचं आडनाव निघालं. तिथे अशी पैज एका फाइलमध्ये बघून मिटते. आपल्याकडे मात्र अंदाज काढावा लागतो, आणि अंदाजाला नियम लागतात.

पैजेआधी हे चार नियम ठरवा

१. हद्द कोणती? भोईर आणि म्हात्रे ही आडनावं ठाणे, कल्याण, रायगड पट्ट्यात पावलोपावली भेटतात. हीच मंडळी मराठवाड्यात गेली की वर्गात एकटी असतात. म्हणून "दुर्मीळ" म्हणजे वॉर्डात, शहरात, जिल्ह्यात की महाराष्ट्रात, ते आधी लिहून ठेवा.

२. माणसं मोजायची की घरं? एका भावकीत चाळीस माणसं असू शकतात. म्हणजे माणसं चाळीस, पण मूळ घर एकच. दोन्ही मोजणी चालतील, पण दोघांसाठी एकच वापरा.

३. आडनाव कशाला म्हणायचं? डोंबिवलीत दाक्षिणात्य कुटुंबं बरीच आहेत. त्यांच्यात अनेकांना आपल्यासारखं आडनाव नसतं, इनिशियल असतं. फॉर्मवर आडनावाचा रकाना भरावाच लागतो, म्हणून तिथे वडिलांचं नाव किंवा गावाचं नाव जातं. असं "आडनाव" यादीत एकमेव दिसेल, पण ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आडनाव नाही. असं नाव पैजेत धरायचं की नाही, हेही ठरवा.

४. "कुणाचंच नाही" अशी पैज लावू नका. "माझं तुझ्यापेक्षा दुर्मीळ" अशी लावा. एखादी गोष्ट अजिबात नाही हे सिद्ध करणं जवळपास अशक्य असतं. दोन आडनावांची तुलना मात्र करता येते. यामागचं गणित पुढे येतंच आहे.

साधन १: गुगल सर्च

सगळे आधी इथेच जातात आणि सगळ्यात जास्त इथेच फसतात. गुगल जो "सुमारे इतके रिझल्ट" आकडा दाखवतं तो मुळात अंदाज असतो. शिवाय तो वेब पानांचा असतो, माणसांचा नाही.

तेंडुलकर टाकून बघा. पानांचा पूर येईल. त्यातली बहुतेक सचिनबद्दल असतील, काही नाटककार विजय तेंडुलकरांबद्दल. यावरून आडनाव प्रसिद्ध आहे एवढं कळतं, किती घरांचं आहे ते कळत नाही.

आता आपल्या भागातलं उदाहरण घ्या. "डोंबिवलीकर" शोधलं की ढीगभर बातम्या येतात. लोकलची गर्दी, पाणीकपात, खड्डे, सगळीकडे डोंबिवलीकर. पण तिथे तो शब्द डोंबिवलीत राहणाऱ्या सगळ्यांसाठी वापरलेला असतो, आडनाव म्हणून नाही. "ठाणेकर" शब्दाचंही तेच. उलट "कल्याणकर" हे खरंखुरं आडनाव आहे. नांदेड उत्तरचे आमदार बालाजी कल्याणकर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. तरीही सर्चमध्ये कल्याणचे रहिवासी आणि कल्याणकर आडनावाची माणसं एकत्रच येतात. गावाच्या नावापुढे "कर" लागलेल्या कोणत्याही आडनावाबाबत हे लक्षात ठेवा.

गुगल वापरायचंच तर असं वापरा:

- आडनाव दुहेरी अवतरण चिन्हांत टाका, म्हणजे गुगल जवळपासचे शब्द स्वतःहून जोडणार नाही.
- सोबत एखादं नेहमीचं पहिलं नाव टाकून बघा. माणसाचं पूर्ण नाव आलं म्हणजे आडनाव खरं.
- आकडा सोडून द्या. वेगवेगळी किती माणसं सापडली ती मोजा.

थोडक्यात, गुगलवरून "हे आडनाव आहे" एवढं सिद्ध होतं. किती लोकांचं आहे हे होत नाही.

स्पेलिंगचा घोळ

देव हे आडनाव काहीजण इंग्रजीत डी-ई-व्ही लिहितात, काहीजण डी-ई-ओ. आडनाव एक, पण कॉम्प्युटरसाठी दोन. एकाच स्पेलिंगने शोधलंत तर निम्मे लोक गायब होतात आणि आडनाव उगाच दुर्मीळ वाटतं.

याच्या उलटही होतं. काणे हे आडनाव इंग्रजीत लिहिलं की ते फुटबॉलपटू हॅरी केनचं आडनाव होतं, अक्षर न् अक्षर तेच. माने लिहिलं की सेनेगलचा सादियो माने येतो. गोरे लिहिलं की अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर. अशा वेळी जगभरातला मोठा आकडा बघून "तुझं आडनाव तर कॉमन आहे" म्हणणं चुकीचं ठरतं.

मग मराठीतच शोधलं तर? तिथेही एक गंमत आहे. "गोऱ्हे" किंवा "कऱ्हाडे" मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी टाइप होतो. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण आतले कोड वेगळे असतात. काही साइट आणि ॲप त्यांना दोन वेगळे शब्द समजतात. "ॲ" अक्षराचंही तसंच. शिवाय ऱ्हस्व-दीर्घाचे फरक आहेतच, जसं करंदीकर आणि करंदिकर. म्हणून शोधण्याआधी आडनाव लिहिण्याच्या सगळ्या पद्धतींची यादी करा आणि प्रत्येक पद्धतीने शोधा.

साधन २: आडनावांच्या साइट

फोरबेअर्स ही यातली सगळ्यात माहितीतली साइट. आडनाव टाकलं की जगात अंदाजे किती लोक, कोणत्या देशात जास्त, असं दाखवते. दिसायला आकडा अगदी पक्का वाटतो. पण भारतात आडनावांची अधिकृत मोजणीच नाही, हे आपण वर पाहिलं. त्यामुळे इथला भारताचा आकडा हाती लागलेल्या याद्यांवरून काढलेला अंदाज असतो, आणि तो इंग्रजी स्पेलिंगवर चालतो. म्हणजे देवचे दोन भाग होणार आणि काणे-केन एकत्र येणार.

मग ती साइट बिनकामाची का? तसंही नाही. दोन आडनावांच्या आकड्यांत शंभर पटींचा फरक असेल तर कल कुणाकडे आहे ते कळतं. फरक दुप्पट-तिप्पट असेल तर त्यावर मिसळ लावू नका.

साधन ३: मतदार यादी

ठाणे किंवा कल्याण-डोंबिवलीपुरती पैज असेल तर सगळ्यात जवळचं उत्तर इथे मिळतं. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर मतदार यादी डाउनलोड करता येते. राज्य, जिल्हा, विधानसभा मतदारसंघ आणि भाषा निवडायची, कॅप्चा भरायचा आणि हवे ते भाग उतरवायचे.

आपल्या भागातले मतदारसंघ असे: १३८ कल्याण पश्चिम, १४२ कल्याण पूर्व, १४३ डोंबिवली, १४४ कल्याण ग्रामीण, १४६ ओवळा-माजिवडा, १४७ कोपरी-पाचपाखाडी, १४८ ठाणे, १४९ मुंब्रा-कळवा.

पोर्टलवर जो "नाव शोधा" पर्याय आहे तो स्वतःची नोंद शोधण्यासाठी आहे. त्यात नुसतं आडनाव टाकून सगळे लोक मिळत नाहीत. डाउनलोड केलेल्या पीडीएफमध्येही "शोधा" चालत नाही, कारण पानं फोटोच्या स्वरूपात असतात. शोधता येईल अशा स्वरूपात यादी द्यावी, ही मागणी सुप्रीम कोर्टात गेली होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोर्टाने ती फेटाळली. म्हणजे नावं डोळ्यांनीच वाचायची. पण पूर्ण शहर वाचायची गरज नाही, नमुना पुरतो:

१. मतदारसंघात भाग किती आहेत ते बघा.

२. गुगलवर "रँडम नंबर" शोधलं की आकडा काढून देणारं साधन येतं. त्यावर दहा भाग चिठ्ठीसारखे निवडा. स्वतःच्या घराजवळचे भाग मुद्दाम घेऊ नका, तिथे तुमचेच काका-काकू निघतील. जुन्या गावठाणाचा भाग आला तर एकाच आडनावाची रांग लागू शकते, हेही ध्यानात ठेवा.

३. एका पानावर ३० नोंदी असतात. दहा भागांत मिळून १०,००० नावं धरली तर साधारण ३३४ पानं होतात. पाच मित्रांत वाटली तर प्रत्येकी ६७ पानं. एका रविवारचं काम आहे.

४. दोन्ही आडनावं एकाच वेळी मोजा. प्रत्येक नोंदीसोबत घर क्रमांक फक्त मोजणीपुरता बघा, म्हणजे माणसं किती आणि घरं किती, दोन्ही कळतं.

समजा एक आडनाव ६ वेळा आलं आणि दुसरं एकदाच. दुसरा जिंकला का? थांबा. ते सहाही जण एकाच घर क्रमांकाचे असतील तर घरं एक विरुद्ध एक, म्हणजे बरोबरी. इतक्या लहान आकड्यांवर निकाल देऊ नका, आणखी दहा भाग वाचा.

शून्य आलं म्हणजे "कुणीच नाही" का?

नाही. हाच या सगळ्यातला महत्त्वाचा मुद्दा आहे. संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे. इतक्या नोंदी तपासून एकही सापडली नाही, तर खरं प्रमाण जास्तीत जास्त "तीन भागिले तपासलेल्या नोंदी" इतकं असू शकतं, असं साधारण ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं.

१०,००० नावांत शून्य आलं तर प्रमाण १०,००० मागे ३ पर्यंत असू शकतं. १२ लाखांच्या कल्याण-डोंबिवलीत हे किती झाले? ३६० माणसं! म्हणजे तुम्हाला एकही सापडला नाही, तरी शहरात तुमच्या आडनावाची साडेतीनशे माणसं असू शकतात. शिवाय एका आडनावाची माणसं घराघरांत आणि गल्लीत एकत्र राहतात, त्यामुळे खरी अनिश्चितता याहूनही जास्त. यादीत १८ वर्षांखालची मुलं नसतात आणि अनेक स्त्रियांचं आडनाव लग्नानंतर बदललेलं असतं, ते वेगळंच.

म्हणूनच "माझं एकट्याचं आडनाव" ही पैज कुणीच जिंकू शकत नाही. समोरच्याला मात्र ती जिंकायला एकच माणूस शोधावा लागतो.

एआयला विचारलं तर?

"ठाण्यात अमुक आडनावाचे किती लोक आहेत?" असं चॅटबॉटला विचारलं की तो अगदी आत्मविश्वासाने आकडा देऊ शकतो. पण जी मोजणी झालेलीच नाही तिचा आकडा तो आणणार कुठून? लगेच विचारा, "हे कुठल्या यादीवरून?" नीट उत्तर आलं नाही तर तो आकडा पैजेत धरू नका. आडनाव लिहिण्याच्या पद्धतींची यादी करायला मात्र एआयची चांगली मदत होते.

आडनाव दुर्मीळ होतं तरी कसं?

याचं उत्तर ठाण्यातच आहे. ठाण्यात बेने इस्रायल म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची जुनी वस्ती आहे. त्यांचं शआर हाशामाइम हे प्रार्थनास्थळ १८७९ चं. या लोकांची आडनावं रायगडच्या गावांवरून आली: पेणकर, रोहेकर, किहिमकर, चेऊलकर. म्हणजे आपल्या इतर "कर" आडनावांसारखीच.

१९४८ मध्ये इस्रायल देश झाला आणि पुढच्या काळात यातली बरीच कुटुंबं तिकडे गेली. माणसं गेली, त्यांच्यासोबत आडनावंही गेली. काहींनी तर रोजच्या वापरात आडनाव लावलंच नाही. "बूट पॉलिश" सिनेमातले जॉन चाचा आठवतात? पडद्यावर त्यांचं नाव फक्त डेव्हिड. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर, जन्म १९०९, ठाणे. सिनेमाच्या श्रेयनामावलीवरून आडनावं मोजली असती तर हे चेऊलकर मोजलेच गेले नसते.

कल्याणला लागून असलेल्या उल्हासनगरात याच्या उलट चित्र आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांमुळे तिथे "आणी" ने संपणारी आडनावं भरपूर दिसतात. यातली बरीच एखाद्या पूर्वजाच्या नावावरून आलेली असतात. चार स्टेशनं पुढे गेलं की तीच आडनावं मोजकी होतात.

आणि काही लोक आडनाव बदलतात. त्याच्या सूचना महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध होतात. कारणं वेगवेगळी असतात. आडनावावरून जात विचारली गेली, चिडवलं गेलं, म्हणूनही कुणी बदललेलं असतं. त्यामुळे ग्रुपवर एखादं आडनाव विचित्र वाटलं म्हणून हसायचं नाही आणि "मूळचे कोण?" असं खोदायचं नाही. पैज आकड्यांची आहे, तिथेच ठेवा.

जिंकलात? मग आधी हे करा

पाटील आडनावाच्या माणसाला इंटरनेटवर शोधणं कठीण, कारण गर्दी आहे. तुमचं आडनाव खरंच दुर्मीळ असेल तर ती गर्दी तुम्हाला लपवायला नाही. आडनाव आणि शहर एवढ्यावर तुमचं घर, आई-वडील, भावंडं, कॉलेज सगळं एका सर्चमध्ये निघू शकतं. फसवणूक करणाऱ्याला "तुमच्या अमुक काकांनी नंबर दिला" म्हणायला तेवढं पुरतं.

- स्वतःचं आडनाव आणि शहर अवतरण चिन्हांत टाकून शोधा. जुना बायोडेटा, सोसायटीची यादी, फोन नंबर दिसतोय का बघा. दिसला तर ज्या साइटवर आहे तिला काढायला सांगा.
- फेसबुकच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या सर्च इंजिनला तुमच्या प्रोफाइलची लिंक दाखवायची की नाही, हा पर्याय असतो. तो बंद करा.
- ट्रूकॉलरमधून नंबर काढायचा असेल तर आधी ॲपमधलं खातं बंद करा, मग त्यांच्या साइटवरच्या अनलिस्ट पानावर नंबर टाका.
- "आईचं माहेरचं आडनाव" हा सुरक्षा प्रश्न ठेवला असेल तर बदला. घरात दोन दुर्मीळ आडनावं असतील तर हे उत्तर मिळवणं फारच सोपं असतं.
- पासवर्डमध्ये आडनाव नको.

मतदार यादीच्या पानांचे स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका. त्यात अनोळखी लोकांची नावं, वय, घर क्रमांक असतात. ग्रुपवर फक्त आकडे टाका. मोजणी झाली की फाइल डिलीट करा. आणि यादीत सापडलेल्या माणसाला "तुम्ही आमचे नातेवाईक का?" म्हणून गाठायला जाऊ नका.

ग्रुपवर पिन करायचा मेसेज

कॉपी करा आणि रिकाम्या जागा भरा:

"पैज: ___ आणि ___ यांपैकी कोणतं आडनाव जास्त दुर्मीळ. हद्द: ___ मतदारसंघ. मोजणी: घरं. मान्य स्पेलिंग: ___. पद्धत: चिठ्ठीने निवडलेले १० भाग, दोन जणांनी वेगवेगळं मोजायचं. फरक तीन घरांपेक्षा कमी असेल तर आणखी १० भाग, तरीही कमी असेल तर बरोबरी. स्क्रीनशॉट नाही. बक्षीस: मिसळ."

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पैसे लावले तर चालतील का?* नको. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो, म्हणजे पैसे मिळाले नाहीत तर कोर्टात मागता येत नाहीत. मित्रांत मिसळच बरी.

*जुन्या टेलिफोन डिरेक्टरीवरून मोजलं तर?* मजा म्हणून ठीक, पण लँडलाइन प्रत्येक घरात नव्हता. शिवाय ठाण्याचा कोड ०२२ आणि कल्याण-डोंबिवलीचा ०२५१, म्हणजे दोन्ही शहरं एका यादीत मिळणार नाहीत.

*बरोबरी झाली तर?* दोघांनी अर्धे-अर्धे पैसे काढा. ६७-६७ पानं वाचलेल्या बाकीच्या मित्रांना मिसळ मिळायलाच हवी.